जुन्या जीपला पॉवर स्टेअरिंग बसवताना क्रॉसचे कोन कसे ठरवायचे

बेळगाव जिल्ह्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जुनी जीप अजूनही कामाची गाडी आहे. ती नव्यानं बांधायला काढली की इंजिन, गिअरबॉक्स, डिस्क ब्रेक यांची चर्चा महिनाभर चालते. स्टेअरिंगच्या रॉडचा विषय मात्र बॉडी रंगून आल्यावर निघतो. तोपर्यंत स्टेअरिंग बॉक्सचं ब्रॅकेट चेसीला वेल्ड झालेलं असतं, व्हीलचा कॉलम डॅशला बसलेला असतो आणि मधे उरलेल्या जागेत जे बसेल ते बसवून टाकलं जातं. माझं म्हणणं अगदी उलट आहे. पॉवर स्टेअरिंग घालायचं ठरलं की पहिल्यांदा क्रॉसचे, म्हणजे दोन रॉड वाकड्या कोनात जोडणाऱ्या युनिव्हर्सल जॉइंटचे, कोन काढा. ब्रॅकेटची जागा त्यावरून ठरवा आणि वेल्डिंग सगळ्यात शेवटी.

विलिजच्या घराण्यातल्या जुन्या जीपमध्ये ही भानगडच नव्हती. स्टेअरिंग व्हीलपासून बॉक्सपर्यंत एकच लांब सरळ रॉड, मधे एकही सांधा नाही. त्यामुळे कोनाचा प्रश्न नव्हता. पण समोरून धडक बसून बॉक्स मागे सरकला, तर तो रॉड भाल्यासारखा थेट चालकाच्या छातीवर येतो. आता बोलेरोचा किंवा दुसऱ्या गाडीचा पॉवर बॉक्स आणला की त्याचं तोंड वेगळ्या जागी, वेगळ्या दिशेला येतं. मग कॉलमला एक क्रॉस, बॉक्सला एक क्रॉस आणि दोघांच्या मधे एक रॉड घालावा लागतो. कंपनीच्या गाडीत हे गणित इंजिनियरांनी करून ठेवलेलं असतं. तुमच्या गाडीत ते तुम्हालाच करायचं आहे.

आधी कागद

बेळगावची केए-२२ असो, चिकोडीची केए-२३ असो किंवा गोकाकची केए-४९, कायदा एकच. मोटार वाहन कायदा, १९८८ चं ५२ वं कलम सांगतं, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकानं मुळात ठरवून दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे ठामपणे सांगितलं. म्हणून ग्राइंडर हातात घेण्याआधी आरटीओमध्ये जाऊन तुमच्या गाडीला काय चालेल ते विचारून घ्या. इन्शुरन्स कंपनीलाही कळवा. चोर्ला उतरून गोव्यात किंवा निपाणी ओलांडून कोल्हापूरकडे जाणारी गाडी असेल तर तपासणी कुठेही होऊ शकते.

क्रॉस नेमकं काय करतो

ज्यांनी डिप्लोमा किंवा इंजिनियरिंग केलंय त्यांनी हूक्स जॉइंट या नावानं हे शिकलेलं असतं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. दोन रॉड सरळ रेषेत असतील तर क्रॉस असून नसल्यासारखा असतो. वाकडे झाले की एका बाजूनं तुम्ही एकसारखं फिरवलं तरी दुसरी बाजू एकसारखी फिरत नाही. एका फेरीत ती दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन जेवढा मोठा, तेवढा हा चढउतार जास्त.

किती जास्त, ते बघा. १० अंशांना चढउतार सुमारे दीड टक्का, हाताला कळणारही नाही. २० अंशांना तो ६ टक्के होतो. ३० अंशांना एका टोकाला १३ टक्के कमी आणि दुसऱ्या टोकाला १५ टक्के जास्त. ३५ अंशांना १८ टक्के कमी, २२ टक्के जास्त. कोन दीडपट केला म्हणून चढउतार दीडपट होत नाही, तो त्याहून वेगानं वाढतो.

म्हणून माझा नियम सरळ आहे: एका क्रॉसवर ३० अंशांच्या आत राहायचं. स्टेअरिंगसाठी बनवलेले चांगले क्रॉस ३५ अंशांपर्यंत चालतात, पण ती शेवटची हद्द आहे. डिझाइन करतानाच तिथं जाऊन बसायचं नाही. त्यापुढे क्रॉसचे दोन्ही फोर्क, म्हणजे दोन कानांचे चिमटे, एकमेकांना घासायला लागतात. फेरीतल्या एखाद्याच जागी ते अडकतात, बाकी सगळीकडे मोकळे फिरतात, आणि म्हणूनच हा दोष सहज नजरेतून सुटतो.

सरळ रस्त्यावर यातलं फारसं काही जाणवत नाही. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या वळणावर व्हील एका बाजूला मोठं फिरवावं लागतं. तिथं अर्ध्या वळणात गाडी अचानक जास्त वळते, नाहीतर कमी वळते. पॉवर स्टेअरिंग आहे म्हणजे हे झाकलं जाईल, अशी समजूत करून घेऊ नका. क्रॉस बॉक्सच्या अलीकडे आहेत, मदत बॉक्सच्या आत मिळते. क्रॉसमधली जखडण आहे तशीच हाताला येते, आणि वळण संपल्यावर व्हील आपोआप मधे यायचं तेही नीट येत नाही.

दोन टोकं पक्की करा, पण टॅकवरच

गाडी सपाट फरशीवर चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. चेसी आडवी आणि उभी, दोन्हीकडून पाणसळीत आणा. चालकाची सीट जागेवर हवी, कारण कॉलमचा उतार शेवटी बसणाऱ्याच्या हातावरून ठरतो. सीटशिवाय कॉलम लावला आणि नंतर गुडघे अडले, तर सगळी मापं पुन्हा काढावी लागतात. बॉक्स चेसीवर क्लॅम्पनं धरा किंवा दोन-चार टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारा, त्यापलीकडे काही नको. इंजिन, एक्झॉस्ट, क्लच-ब्रेकचे पेडल हे सगळं जागेवर असलं पाहिजे. रिकाम्या इंजिन-बेमध्ये काढलेली रॉडची वाट एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड बसल्यावर हमखास अडते.

कॉलमच्या खालच्या टोकाला बेअरिंग आहे का, हे आत्ताच बघा. क्रॉस वाकडा फिरतो तेव्हा रॉडला बाजूला ढकलतो. कॉलमचं टोक लटकत असेल तर तिथं खेळ वाढत जातो.

काठीनं वाट शोधा

खरा रॉड एवढ्यात कापू नका. क्रॉसच्या मापाची लाकडी काठी किंवा कडक पीव्हीसी पाइप घ्या, दोन्ही टोकांना जुने क्रॉस लावा आणि कॉलम ते बॉक्स बसवून बघा. काठी पन्नास वेळा कापली तरी काही जात नाही.

मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरच्या पाइपापासून जमेल तेवढं लांब राहा. उष्णतेनं क्रॉसमधलं ग्रीस वितळून जातं आणि आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडतात. बाकी वस्तूंपासून किमान अर्धा इंच तरी अंतर हवं. इंजिन रबर माउंटवर हलतं, हे धरूनच हे अंतर मोजायचं. शंका असेल तर इंजिनला हातानं नाहीतर पहारीनं दोन्हीकडे रेटा आणि पुन्हा बघा.

कोन मोजा: बाजूनं आणि वरून, दोन्हीकडून

नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथं होते. गाडीच्या बाजूला उभं राहून बघितलं की कोन २० अंश दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण रॉड वरून बघितल्यावरही २० अंश वाकडा असेल, तर खरा कोन सुमारे २७ अंश असतो. बाजूनं २५ आणि वरून २० असेल तर खरा कोन ३० च्या पुढे गेला. कॅल्क्युलेटर असेल तर दोन्ही कोनांचे टॅन घ्या, त्यांच्या वर्गांची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा. ते वर्गमूळ म्हणजे खऱ्या कोनाचा टॅन.

गणित नको असेल तर पुठ्ठ्यानं मोजा. मला स्वतःला हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते. कॉलमचा रॉड आणि मधली काठी क्रॉसच्या मध्यावर भेटतात, त्यामुळे दोन्ही मिळून एका सपाट पातळीत बसतातच, मग ती पातळी कशीही तिरपी असो. जाड पुठ्ठा घ्या. त्याची एक कड कॉलमच्या रॉडला लावा आणि पुठ्ठा रॉडभोवती फिरवत जा. एका जागी तो मधल्या काठीलाही पूर्ण लांबीभर टेकतो. तिथं काठीच्या कडेनं पेन्सिलची रेघ मारा आणि त्यावरून पुठ्ठा कापा. हा कापलेला तुकडा टेबलावर ठेवून कोनमापकानं मोजला की खरा कोन हातात येतो. असाच दुसरा तुकडा बॉक्सच्या क्रॉससाठी कापा. दोन्हींवर "वरचा" आणि "खालचा" असं लिहून ठेवा, ते पुढे पुन्हा लागणार आहेत.

कोन दोघांत सारखा वाटा

एका क्रॉसचा चढउतार दुसरा क्रॉस पूर्ण खाऊन टाकू शकतो. त्याला दोन अटी आहेत: दोन्ही कोन सारखे हवेत, आणि मधल्या रॉडचे फोर्क बरोबर जुळलेले हवेत.

उदाहरण घेऊ. वरून बघता सगळं एका रेषेत आहे असं धरा. कॉलमचा उतार ३२ अंश, बॉक्सच्या तोंडाचा उतार ८ अंश. मधला रॉड २० अंशांवर आला तर वर १२ आणि खाली १२, चढउतार शून्य. पण बॉक्स थोडा वर-खाली बसला आणि रॉडचा उतार २८ झाला, तर वर ४ आणि खाली २०. दोन्ही कोन हद्दीत आहेत, तरीही ६ टक्क्यांच्या आसपास चढउतार शिल्लक राहतो. ब्रॅकेट टॅकवरच ठेवा म्हटलं ते याचसाठी. बॉक्स पुढे-मागे सरकवणं, कॉलमचं टोक थोडं उचलणं, कॉलम थोडा लांब-आखूड करणं, असं करत दोन्ही कोनांत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक राहणार नाही इथवर या. अगदी काटेकोर बरोबरी साधली नाही तरी चालतं. २५ आणि २० वर राहिलेला चढउतार साडेतीन टक्क्यांच्या जवळपास असतो. यापेक्षा लांब मात्र राहू नका.

फोर्कची जुळणी

मधल्या रॉडच्या दोन्ही टोकांना एक-एक फोर्क असतो. कॉलम, मधला रॉड आणि बॉक्सचं तोंड हे तिन्ही एकाच पातळीत असतील, तर मधल्या रॉडचे हे दोन फोर्क एकमेकांच्या अगदी रेषेत हवेत. रॉड टेबलावर ठेवून टोकाकडून बघितलं की एका फोर्कचे कान दुसऱ्याच्या कानांमागे लपले पाहिजेत.

ते ९० अंशांनी फिरले तर एकाचा चढउतार दुसऱ्यात मिसळून वाढतो. २५ अंशांचे दोन क्रॉस असे उलटे लागले, तर परिणाम ३५ अंशांच्या एकट्या क्रॉसइतका होतो. म्हणजे कोन काढताना घेतलेली सगळी मेहनत पाण्यात.

जीपमध्ये बहुतेकदा तिन्ही एका पातळीत नसतात. कॉलम वरून खाली येतो, मग रॉड इंजिनला वळसा घालून बाहेर जातो. अशा वेळी फोर्क सरळ रेषेत ठेवणं चूक ठरतं. आता ते दोन पुठ्ठे काढा. दोन्ही आपापल्या जागी लावा, म्हणजे दोघांचीही एक-एक कड मधल्या काठीला टेकलेली असेल. काठीच्या टोकाकडून नजर लावा. दोन पुठ्ठ्यांमध्ये जेवढा पीळ दिसतो, तेवढाच पीळ दोन फोर्कमध्ये द्यायचा. ताळा असा करा: वरचा फोर्क वरच्या पुठ्ठ्याच्या पातळीत आला की त्याच क्षणी खालचा फोर्क खालच्या पुठ्ठ्याच्या पातळीत आलेला असला पाहिजे.

रॉडच्या टोकाला ३६ दातांची स्प्लाइन (लांबीला कापलेले दाते) असेल तर एक दात म्हणजे १० अंश, त्यामुळे जवळचा दात निवडता येतो. दोन बाजू सपाट असलेल्या रॉडला ही सोय नसते. तिथं पीळ आधीच मोजून लेथवर सांगावा लागतो. उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये हे काम नीट करणारे हात भरपूर आहेत, पण त्यांना तोंडी "थोडं फिरवून द्या मेस्त्री" असं सांगू नका. दोन्ही पुठ्ठे, काठी आणि कागदावर लिहिलेला अंश असं सगळं हातात द्या.

आणखी एक गोष्ट. सगळं बसल्यावर स्टेअरिंग व्हील वाकडं दिसलं, तर ते सरळ करायला मधल्या रॉडचा फोर्क एक-दोन दात सरकवण्याचा मोह होतो. तसं केलंत की जुळणी गेली. आधी बॉक्स बरोबर मध्यावर आणा, मग बॉक्सकडून चाकांकडे जाणाऱ्या ड्रॅग लिंकची लांबी लावून चाकं सरळ करा आणि शेवटी व्हील त्याच्या स्वतःच्या स्प्लाइनवर फिरवून बसवा. मधल्या रॉडला हात लावायचा नाही.

तिसरा क्रॉस

दोन क्रॉसमध्ये ३० च्या आत काही केल्या बसत नसेल, तर आधी बॉक्सची जागा पुन्हा बघा. तिसरा क्रॉस हा शेवटचा उपाय. दोन क्रॉस असताना मधला रॉड दोन्हीकडून धरलेला असतो. तिसरा आला की मधले दोन रॉड दोरीवरच्या उड्यांतल्या दोरीसारखे बाजूला झोल खातात. म्हणून तिथं आधाराचं बेअरिंग लागतंच. मधल्यापैकी एका रॉडवर, क्रॉसच्या जितकं जवळ जमेल तितकं, रॉड-एंड बेअरिंग चेसीच्या ब्रॅकेटवर बसवा. डबल क्रॉस (दोन क्रॉस एकत्र जोडलेला) घेतला तरी तो दोनच मोजायचा. डबल एक आणि सिंगल एक म्हणजे तीन, बेअरिंग हवंच. उलट, फक्त दोन सिंगल क्रॉस असतील तर मधे बेअरिंग घालू नका, रॉड जखडतो.

तीन असतील तर मोठे दोन कोन सारखे ठेवून त्यांचे फोर्क जुळवा, आणि तिसरा १० अंशांच्या आत ठेवा. त्याचा दीड टक्का राहिला तरी चालण्यासारखं आहे.

सरकता जोड

जीपची बॉडी चेसीवर रबरावर बसते. बॉक्स चेसीला, कॉलम बॉडीला. खडबडीत वाटेवर दोघांतलं अंतर सतत कमी-जास्त होतं. मधला रॉड एकसंध असेल तर तो धक्का क्रॉसच्या सुयांवर आणि बॉक्सच्या बेअरिंगवर जातो. म्हणून रॉड दोन भागांचा, एकात एक सरकणारा घ्या. धडकेत तो आत मिटतो आणि कॉलम चालकाकडे ढकलला जात नाही, हे त्याचं दुसरं आणि मोठं काम. दोन भाग किमान ५० मिमी एकमेकांत असावेत. पूर्ण ताणल्यावरही सुटून येणार नाहीत आणि मिटायला मोकळी जागा उरेल, हेही मोजून बघा.

बसवणी

क्रॉस स्टेअरिंगसाठीच बनवलेला हवा. पान्ह्याच्या सेटमधला वाकणारा जॉइंट, भंगारातल्या यंत्राचा जॉइंट, यातलं काहीही चालणार नाही. जुना क्रॉस घेतला तर दोन्ही दिशांना हलवून बघा. थोडाही खेळ किंवा खरखर असेल तर परत ठेवा.

रॉड योकमध्ये, म्हणजे फोर्कच्या ज्या तोंडात तो बसतो तिथं, पूर्ण शिरला पाहिजे, पण पलीकडे निघून क्रॉसला टेकता कामा नये. योक आवळणारा पिंच बोल्ट स्प्लाइनवरच्या खाचेतून जातो. बोल्ट सैल झाला तरी रॉड सुटत नाही तो त्या खाचेमुळे. खाच नसेल तर ती पाडून घ्या. बोल्ट ८.८ दर्जाच्या खालचा नको, आणि नायलॉक नट प्रत्येक वेळी नवा घ्या. सेट स्क्रू असेल तर रॉडवर ड्रिलनं खळगी पाडा, म्हणजे स्क्रूचं टोक तिच्यात बसेल. त्यावर थ्रेड लॉक आणि चेक नट.

वेल्डिंग टाळता आलं तर टाळा. टाळता आलं नाही, तर फक्त वेल्ड करण्यासाठीच बनवलेला योक घ्या आणि स्टेअरिंगचं काम केलेल्या पक्क्या वेल्डरकडूनच करून घ्या. काम सुरू असताना क्रॉसवर ओलं फडकं बांधा, सुया आणि सील उष्णतेनं जातात.

रस्त्यावर काढण्याआधी

पुढचा अॅक्सल घोड्यांवर घ्या. मधला रॉड बॉक्सपासून सोडवा आणि खालचं टोक हातानं त्याच कोनात धरून ठेवा. दुसऱ्याला व्हील एका बोटानं सावकाश पूर्ण फिरवायला सांगा. कुठंही अडकलं, टक् आवाज आला, की थांबा. फोर्क कुठं घासतो ते शोधा.

मग बॉक्स जोडा. इंजिन बंद. साधा स्प्रिंगचा वजनकाटा व्हीलच्या कडेला अडकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश ओढा आणि काटा बघत राहा. एका फेरीत दोनदा वजन वाढतंय आणि दोनदा कमी होतंय, असं ठळक दिसलं तर कोनांत किंवा फोर्कच्या जुळणीत चूक आहे. बॉक्स दोन्ही टोकांना जड लागणं वेगळं, ते काट्यावर फक्त टोकांनाच दिसतं. शेवटी इंजिन चालू करून पुन्हा लॉक टू लॉक फिरवा. इंजिन हलत असताना रॉड कशाला लागत नाही ना, ते टॉर्चनं बघा.

पहिली फेरी मोकळ्या मैदानात, सावकाश. नंतर घाट. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पान्ह्यानं पुन्हा तपासा आणि प्रत्येकावर बोल्टपासून योकपर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. कणकुंबीकडचा पावसाळा एकदा झाला की बॉनेट उघडून बघा: रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट सरकलाय, आणि क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस पूड दिसली तर आत पाणी शिरून सुया गंजायला लागल्यात. ग्रीस निपल असलेला क्रॉस असेल तर जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. सीलबंद असेल आणि पूड दिसली, तर तो बदलायचाच.